विश्लेषण : माणसे निवडणारा ‘बेअर’ एका निर्णयात मागे का राहिला? कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक पॉल ब्रायंट यांची गोष्ट

अमेरिकेतील अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारी व्यक्ती राज्यपाल किंवा कुलगुरू नसते. ती असते सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची प्रशिक्षक. या पदाला आज जे वलय आहे, ते मिळवून देणाऱ्यांत पॉल ‘बेअर’ ब्रायंट (१९१३-१९८३) यांचे नाव अग्रभागी येते. ३८ हंगाम, ३२३ विजय आणि अलाबामा विद्यापीठासाठी सहा राष्ट्रीय विजेतेपदे ही त्यांची कमाई. मात्र त्यांची खरी ओळख डावपेचांपेक्षा माणसांबाबतच्या निर्णयांतून झाली. कोणाला संघात घ्यायचे, कोणाला घरी पाठवायचे, कोणता सहायक नेमायचा, हे ते झटपट ठरवत. एका बाबतीत मात्र त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ घेतला.

कॉलेज फुटबॉल म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत पुढे सरकायचे, असा हा खेळ आहे. दोन्ही बाजूंचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमणाची सूत्रे ‘क्वार्टरबॅक’कडे असतात. कॉलेज फुटबॉल विद्यापीठांचे विद्यार्थी खेळतात. पण स्टेडियम लाखाच्या आसपास प्रेक्षकांनी भरतात. ज्या राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही, तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा अभिमान असतो. दक्षिणेतील अलाबामा हे असेच राज्य.

या रचनेत मुख्य प्रशिक्षकाच्या हाती मोठी सत्ता असते. राज्यभर, देशभर फिरून शाळकरी खेळाडू हेरणे, त्यांना शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठात आणणे, आक्रमण आणि बचावासाठी वेगवेगळे सहायक नेमणे, शिस्त लावणे, संघ निवडणे, हे सारे त्याच्याकडे असते. खेळाडू चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. त्यामुळे दरवर्षी नवा संघ उभा करावा लागतो. टिकून राहतात ते प्रशिक्षक आणि त्याचे सहायक. म्हणूनच सहायकांची निवड हा या पदाचा कणा मानला जातो.

‘बेअर’ हे नाव कसे पडले?

ब्रायंट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१३ रोजी आर्कान्सा राज्यातील मोरो बॉटम या वस्तीत झाला. १२ भावंडांत त्यांचा क्रमांक अकरावा. वडील आजारी असल्याने संसाराचा भार आईवर होता. शेतातला माल खेचराच्या गाडीतून जवळच्या फोर्डाइस गावात नेऊन ती विकत असे. मुलगाही सोबत असे. गावातल्या मुलांसमोर वाटणारी गरिबीची लाज त्यांना पुढेही विसरता आली नाही.

किशोरवयात गावात खेळवाले आले. त्यांच्याकडे एक अस्वल होते. त्याच्याशी कुस्ती खेळणाऱ्याला मिनिटाला एक डॉलर मिळणार होता. धिप्पाड पॉल पुढे झाला. झटापटीत अस्वलाची मुसकी निसटली आणि त्याला जीव वाचवून पळावे लागले. खेळवालाही पैसे न देता पसार झाला. पॉलच्या वाट्याला आले ते फक्त ‘बेअर’, म्हणजे अस्वल हे टोपणनाव.

फुटबॉलमुळे त्यांना अलाबामा विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. १९३४ च्या हंगामात राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या संघात ते होते. संघाचा तारा होता डॉन हटसन. ब्रायंट दुसऱ्या टोकाला खेळत आणि गंमतीने ‘दुसरा खेळाडू’ म्हणून ओळखले जात. १९३५ मध्ये टेनेसी विद्यापीठाविरुद्ध ते पायाचे हाड मोडलेले असतानाही खेळले. स्वतः सोसलेले दुखणे हाच इतरांसाठीचा मापदंड, ही त्यांची पुढची कार्यपद्धती इथेच दिसू लागली. तिचे फायदे झाले, तसे तोटेही.

पहिली मोठी जबाबदारी एकाच वर्षात का सोडली?

सहायक प्रशिक्षक म्हणून काही वर्षे काम आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलातील सेवा यानंतर १९४५ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. पहिल्याच हंगामात सहा विजय, दोन पराभव आणि एक बरोबरी अशी कामगिरी झाली. पण विद्यापीठाचे अध्यक्ष कर्ली बर्ड हे स्वतः एके काळी तिथेच फुटबॉल प्रशिक्षक होते. नियम मोडल्याबद्दल ब्रायंट यांनी निलंबित केलेल्या एका खेळाडूला, ब्रायंट सुटीवर असताना बर्ड यांनी परस्पर संघात घेतले. ब्रायंट यांनी मेरीलँड सोडले.

प्रश्न एका खेळाडूचा नव्हता. संघात कोण राहणार हे प्रशिक्षक ठरवणार की वरचा अधिकारी, हा होता. जबाबदारी आपली आणि अधिकार दुसऱ्याचा, ही व्यवस्था ब्रायंट यांना मान्य नव्हती.

१९४६ मध्ये ते केंटकी विद्यापीठात गेले. तिथे आठ हंगामांत त्यांनी ६० सामने जिंकले. १९५० मध्ये दक्षिणेतील विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले आणि त्या हंगामाच्या अखेरीस शुगर बोल सामन्यात ओक्लाहोमाची सलग ३१ विजयांची मालिका खंडित केली. तरीही केंटकी हे बास्केटबॉलचे राज्य होते आणि तिथे सावली होती बास्केटबॉल प्रशिक्षक अॅडॉल्फ रप यांची. दुसऱ्या क्रमांकावर राहणे ब्रायंट यांना पटले नाही. १९५४ मध्ये ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेले. या वेळी प्रशिक्षकपदासोबत क्रीडा संचालकाचे पदही त्यांच्याकडे होते. म्हणजे त्यांच्या निर्णयात ढवळाढवळ करणारा मधला अधिकारीच उरला नाही.

जंक्शनच्या शिबिरात काय घडले?

टेक्सासला आल्यावर आहे तो संघ त्यांना सुस्त वाटला. सप्टेंबर १९५४ मध्ये त्यांनी खेळाडूंना बसमध्ये बसवले आणि शेकडो किलोमीटर दूर जंक्शन नावाच्या आडगावी नेले. दुष्काळाचे दिवस होते. मैदान खडकाळ, काटेरी आणि तापमान ३८ अंशांच्या वर. पहाटेपासून सराव सुरू होई. सरावात पाणी पिण्याची मुभा नव्हती. त्या काळी अनेक प्रशिक्षक पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण मानत.

दहा दिवस हे चालले. रोज रात्री काही मुले सामान उचलून निघून जात. सुमारे शंभर जण गेले होते. शेवटी उरले ३५ च्या आसपास. दोन बस भरून गेलेला संघ एका बसमध्ये परतला, असे पुढे सांगितले जाऊ लागले. एक खेळाडू उष्माघाताने कोसळला आणि मरता मरता वाचला.

त्या हंगामात संघाने दहापैकी फक्त एक सामना जिंकला. ब्रायंट यांच्या कारकिर्दीतला हा एकमेव तोट्याचा हंगाम. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये हाच संघ एकही सामना न हरता आपल्या गटात विजेता ठरला. म्हणून जंक्शनची दंतकथा झाली आणि तिथे टिकलेले खेळाडू वीर ठरले. पण खेळ सोडून निघून गेलेल्या मुलांत चांगले खेळाडू होते का, हे कोणी मोजले नाही. तसा सराव आज कोणी घेतला तर त्याची नोकरी जाईल, कदाचित खटलाही चालेल. आयुष्याच्या उत्तरार्धात खुद्द ब्रायंट यांनाही त्या दिवसांबद्दल खंत वाटत होती.

टेक्सासच्या यशाला आणखी एक डाग होता. खेळाडू मिळवताना नियमभंग झाल्याने संघावर कारवाई झाली. त्यामुळे १९५६ मध्ये गटविजेते असूनही त्यांना हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यात खेळता आले नाही.

पुढच्या वर्षी ब्रायंट यांना वेगळा धडा मिळाला. १९५७ मध्ये संघ सलग आठ सामने जिंकून देशात अव्वल होता. तेवढ्यात प्रशिक्षक अलाबामाला जाणार असल्याची बातमी फुटली. संघ राइसविरुद्ध एका गुणाने हरला, मग टेक्सासविरुद्ध दोन गुणांनी आणि हंगामाच्या अखेरच्या सामन्यात टेनेसीविरुद्ध तीन गुणांनी. नेता निघाला हे कळल्यावर तयार संघही कसा ढिला पडतो, याचे हे ठळक उदाहरण.

अलाबामाचा कायापालट कसा झाला?

ब्रायंट यांचे स्वतःचे विद्यापीठ तेव्हा गाळात होते. आधीच्या तीन हंगामांत अलाबामाला फक्त चार विजय मिळाले होते. १९५८ मध्ये ब्रायंट मुख्य प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक म्हणून टस्कलूसा शहरात परतले. पहिल्याच हंगामात पाच विजय मिळाले. चौथ्या हंगामात, १९६१ मध्ये संघ सर्व ११ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. त्या संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्यांना मिळून फक्त २५ गुण करता आले. आकाराने लहान, पण चपळ आणि दमदार खेळाडू ही त्यांची ओळख बनली.

मदतनीस त्यांनी विचारपूर्वक निवडले. केंटकीत त्यांच्या हाताखाली खेळलेले जेरी क्लेबोर्न आणि जंक्शनच्या शिबिरात टिकलेले जीन स्टॉलिंग्ज हे सहायक म्हणून अलाबामात आले. पुढे केंटकीचेच हॉवर्ड श्नेलेनबर्गर दाखल झाले. आपल्या शिस्तीत तयार झालेल्या खेळाडूलाच सहायक करायचे, हे सूत्र त्यातून दिसते. अशा माणसाला प्रशिक्षकाला काय हवे ते नव्याने सांगावे लागत नसे. या सूत्राची दुसरी बाजूही होती : त्यांच्याभोवती एकाच साच्यातली माणसे गोळा होत होती आणि त्या काळात ती सारी गोरी होती.

सरावाच्या मैदानाशेजारी ब्रायंट यांचा लोखंडी मनोरा होता. त्यावर उभे राहून ते सारे मैदान पाहत. खाली प्रत्येक सहायक आपापली तुकडी घेई. ब्रायंट फारसे बोलत नसत. पण ते शिडीवरून खाली उतरू लागले की मैदानात शांतता पसरे. रोजचे शिकवणे सहायकांकडे, नजर आणि अंतिम निर्णय आपल्याकडे, अशी ही कामाची वाटणी होती. जिंकल्यावर श्रेय खेळाडू आणि सहायकांना द्यायचे आणि हरल्यावर दोष जाहीरपणे स्वतःवर घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता होता.

सर्वोत्तम खेळाडूला बाहेर का बसवले?

श्नेलेनबर्गर यांनी पेनसिल्व्हेनियातून एक मुलगा हेरून आणला होता : जो नामथ. या नव्या मुलाला ब्रायंट यांनी मनोऱ्यावर बोलावून घेतले होते. हा मान क्वचितच कोणाला मिळे. नामथ लवकरच देशातील उत्तम क्वार्टरबॅकपैकी एक ठरला.

डिसेंबर १९६३ मध्ये नामथने मद्यपानबंदीचा नियम मोडल्याचे ब्रायंट यांच्या कानावर आले. त्यांनी त्याला बोलावून विचारले. नामथने खोटे न बोलता कबुली दिली. हंगामाचे दोन सामने उरले होते. त्यातला एक शुगर बोलसारखा मोठा. ब्रायंट यांनी त्याला दोन्ही सामन्यांतून निलंबित केले. त्याच्याऐवजी स्टीव्ह स्लोन या कमी अनुभवी खेळाडूकडे सूत्रे दिली. अलाबामाने शुगर बोलमध्ये मिसिसिपीला १२-७ असे हरवले. संघाचे सर्वच्या सर्व १२ गुण टिम डेव्हिसने चेंडू पायाने मारून मिळवले होते.

शिक्षा भोगून नामथ परतला आणि १९६४ मध्ये अलाबामा पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो महान खेळाडू ठरला. ब्रायंट यांच्याबद्दलचा त्याचा आदर आयुष्यभर टिकला. शिक्षा सर्वांना सारखी आणि शिक्षेनंतर दार उघडे, हे या निर्णयाचे दोन भाग होते. दुसरा भाग नसता, तर संघाने नामथ गमावला असता.

कृष्णवर्णीय खेळाडूंबाबत एवढा उशीर का?

ब्रायंट यांच्या आयुष्यातला सर्वात अवघड प्रश्न हाच आहे. जून १९६३ मध्ये दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश अडवण्यासाठी राज्यपाल जॉर्ज वॉलेस अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते. केंद्र सरकारच्या हस्तक्षेपाने ते दार उघडले. पण फुटबॉल संघाचे दार त्यानंतरही सात-आठ वर्षे बंदच राहिले.

केंटकीत असतानाच आपण कृष्णवर्णीय खेळाडू घेण्याची कल्पना मांडली होती, असे ब्रायंट पुढे सांगत. त्यांच्या बाजूने असाही युक्तिवाद होतो की वॉलेस यांच्या राज्यात घाई केली असती, तर उद्रेक झाला असता. दुसरी बाजू अशी : १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रायंट यांच्याकडे तीन राष्ट्रीय विजेतेपदे होती. राज्यात त्यांच्याएवढा लोकप्रिय माणूस क्वचितच असेल. त्यांनी ठामपणे पाऊल उचलले असते, तर त्यांना पदावरून दूर करण्याची हिंमत कोणी केली असती का? मेरीलँडमध्ये एका निलंबित खेळाडूच्या प्रश्नावर नोकरी सोडणाऱ्या माणसाने इथे मात्र वाट पाहिली.

वाट पाहण्याची किंमतही दिसत होती. १९६६ मध्ये अलाबामाने सर्व सामने जिंकले. तरीही क्रमवारीत त्यांना तिसरे स्थान मिळाले. आपसातला सामना बरोबरीत सोडवणारे नॉत्रे दाम आणि मिशिगन स्टेट त्यांच्या पुढे राहिले. मिशिगन स्टेटच्या संघात दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय खेळाडू चमकत होते. म्हणजे दक्षिणेतील विद्यापीठे ज्यांना नाकारत होती, ते उत्तरेचे संघ बळकट करत होते. १९६७ मध्ये केंटकीतर्फे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला. त्याच वर्षी अलाबामात पाच कृष्णवर्णीय विद्यार्थी शिष्यवृत्तीविना स्वतःहून सरावाला आले. त्यांच्यापैकी कोणीही हंगामाच्या सामन्यात खेळला नाही. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने या प्रश्नावर विद्यापीठ आणि ब्रायंट यांना न्यायालयात खेचले.

याच सुमारास क्रीडा संचालक ब्रायंट यांची एक नेमणूक महत्त्वाची ठरली. १९६८ मध्ये त्यांनी सी. एम. न्यूटन यांना बास्केटबॉल प्रशिक्षक केले. न्यूटन यांनी १९६९ मध्ये वेंडेल हडसन याला आणले. तो अलाबामाचा शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. फुटबॉलमध्ये जे पाऊल ब्रायंट उचलू शकले नव्हते, ते त्यांनी नेमलेल्या माणसाने आधी उचलले. त्या वर्षअखेरीस विल्बर जॅक्सन या अलाबामातल्याच मुलाला फुटबॉलची शिष्यवृत्ती मिळाली.

दंतकथा आणि वास्तव यांत फरक काय?

१२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने अलाबामाला ४२-२१ असे चिरडले. पाहुण्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू सॅम कनिंगहॅम याने १३५ यार्डांची मजल मारली. या पराभवाने गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे उघडले आणि मग ब्रायंट यांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले, अशी कथा रूढ झाली. ती सोयीची आहे, कारण तीत एका संध्याकाळी सारे बदलते. वास्तवात जॅक्सन त्याआधीच विद्यापीठात होता. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो मैदानात नव्हता. त्या सामन्याने विरोधाची धार बोथट केली असेल. पण त्याआधी न्यायालयातला दावा, विद्यार्थ्यांचा दबाव आणि स्वतःहून सरावाला आलेले ते पाच जण होते. त्यांचे श्रेय या कथेत हरवते.

त्या काळात संघाचीही घसरण झाली होती. १९६९ आणि १९७० या दोन्ही हंगामांत प्रत्येकी फक्त सहा विजय मिळाले. ब्रायंट संपले, असे बोलले जाऊ लागले. व्यावसायिक संघाकडे जाण्याचा विचारही त्यांनी केला. शेवटी ते थांबले आणि त्यांनी दोन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट खेळाची पद्धत. टेक्सासचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडून त्यांनी ‘विशबोन’ ही रचना शिकून घेतली. तीत चेंडू लांब फेकण्यापेक्षा तो घेऊन धावण्यावर भर असतो. कोण धावणार, हे क्वार्टरबॅक ऐन वेळी ठरवतो. वयाच्या ५७ व्या वर्षी ब्रायंट दुसऱ्याकडे विद्यार्थी म्हणून गेले. सराव गुप्त ठेवला. पत्रकारांसमोर संघ जुन्याच पद्धतीने खेळत राहिला.

दुसरी गोष्ट माणसे. कॅलिफोर्नियाचे प्रशिक्षक जॉन मॅके यांच्या बोलण्यात एका उत्तम खेळाडूचा उल्लेख आला : जॉन मिचेल, मूळचा अलाबामातील मोबील शहराचा. ब्रायंट यांनी लगेच फोन फिरवून त्याचा शोध सुरू केला आणि त्याला अलाबामात आणले.

१० सप्टेंबर १९७१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर होता. अलाबामा विशबोन खेळला आणि मिचेल हा या संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. निकाल : अलाबामा १७, सदर्न कॅलिफोर्निया १०. ब्रायंट यांचा हा २०० वा विजय. १९७० च्या दशकात अलाबामाने १०३ सामने जिंकले आणि केवळ १६ गमावले. १९७३, १९७८ आणि १९७९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळाले.

मिचेल पुढे काय झाला?

१९७२ मध्ये मिचेल संघाचा सहकर्णधार झाला. १९७३ मध्ये ब्रायंट यांनी त्याला बचावफळीचा सहायक प्रशिक्षक नेमले. तेव्हा तो अवघ्या २१ वर्षांचा होता. अलाबामाचा हा पहिला कृष्णवर्णीय सहायक प्रशिक्षक. ही नेमणूक शिष्यवृत्तीपेक्षा पुढचे पाऊल होती. खेळाडू आज्ञा पाळतो. प्रशिक्षक आज्ञा देतो. काही वर्षांपूर्वी ज्या संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, तिथे गोरे खेळाडू आता कृष्णवर्णीय प्रशिक्षकाकडून शिकत होते. मिचेल यांनी पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स संघासोबत जवळपास तीन दशके काम केले.

सिल्व्हेस्टर क्रूम हे ब्रायंट यांच्याकडे आधी खेळले आणि मग सहायक झाले. २००४ मध्ये मिसिसिपी स्टेट विद्यापीठाची सूत्रे घेऊन ते साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील फुटबॉलचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. ब्रायंट यांचे सूत्र तेच होते : आपला खेळाडू, मग आपला सहायक. त्या साच्यात आता इतरांनाही जागा मिळाली होती.

शिष्यांनीच गुरूला हरवले का?

हो, आणि ते ब्रायंट यांना फारसे बोचले नसावे. १९६८ च्या पहिल्या दिवशी कॉटन बोलमध्ये स्टॉलिंग्ज यांच्या टेक्सास ए अँड एमने अलाबामाला २०-१६ असे हरवले. सामना संपताच ब्रायंट यांनी आपल्या शिष्याला उचलून घेतले. शेवटच्या वर्षी, नोव्हेंबर १९८२ मध्ये ऑबर्न विद्यापीठाने सलग नऊ पराभवांनंतर अलाबामावर मात केली, तीही एका गुणाने. ऑबर्नचे प्रशिक्षक होते पॅट डाय, ब्रायंट यांचे माजी सहायक. डॅनी फोर्ड यांनी १९८१ मध्ये क्लेमसनला, तर श्नेलेनबर्गर यांनी १९८३ मध्ये मायामीला राष्ट्रीय विजेता केले.

ब्रायंट यांच्यानंतर काय झाले?

२८ नोव्हेंबर १९८१ रोजी ऑबर्नवर मात करून ब्रायंट यांनी ३१५ वा विजय मिळवला आणि अमोस अलोन्झो स्टॅग यांचा विक्रम मोडला. वर्षभराने, डिसेंबर १९८२ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. २९ डिसेंबरला लिबर्टी बोलमध्ये इलिनॉयविरुद्ध २१-१५ असा शेवटचा विजय मिळाला. त्यानंतर चारच आठवड्यांनी, २६ जानेवारी १९८३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६९. टस्कलूसा ते बर्मिंगहॅम या अंत्ययात्रेच्या मार्गावर लाखो लोक उभे होते.

त्यांच्या जागी आलेले रे पर्किन्स हेही त्यांचेच माजी खेळाडू. पर्किन्स यांनी विशबोन बंद केली, अनेक सहायक बदलले आणि तो प्रसिद्ध मनोराही उतरवला. १९८४ मध्ये १९५७ नंतर प्रथमच संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. पुढचे राष्ट्रीय विजेतेपद आले ते १९९२ मध्ये. तेव्हा प्रशिक्षक होते जंक्शनच्या शिबिरात टिकलेले जीन स्टॉलिंग्ज. मनोरा नंतर पुन्हा उभा राहिला.

ब्रायंट यांच्या कारकिर्दीचे मोजमाप ३२३ विजयांवर थांबत नाही. त्यांनी सहायक घडवले आणि ते दुसरीकडे जाऊन मोठे होऊ दिले. पडत्या काळात दुसऱ्याकडून शिकले. नामथला शिक्षा करून परत आणले. पण ज्या माणसाचे राज्यात सारे ऐकत, त्याने सर्वात मोठ्या अन्यायाविरुद्ध पाऊल उचलायला उशीर केला आणि त्या वर्षांत अलाबामातली अनेक मुले आपल्याच राज्याच्या संघाबाहेर राहिली. निर्णय घेतल्यावर मात्र तो शिष्यवृत्तीपाशी थांबला नाही, थेट प्रशिक्षकाच्या पदापर्यंत गेला. त्यांच्या नेतृत्वाचा हिशेब मांडताना दोन्ही रकाने भरावे लागतात.